उद्याचे पेन्शन आज हातात

साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. सरकारी भाषेत हे ‘अंशराशीकरण’. कमाल मर्यादा मूळ पेन्शनच्या ४० टक्के.

समजा, मूळ पेन्शन ४०,००० रुपये आहे. त्यातले १६,००० विकले. वर्षाचे झाले १,९२,०००. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. साठीला निवृत्त होणाऱ्यासाठी पुढच्या वाढदिवसाचे, म्हणजे ६१चे वय धरतात. त्याचा गुणक ८.१९४. हातात पडतात १५,७३,२४८ रुपये, आणि सरकारी कर्मचाऱ्याला त्यावर आयकर शून्य! खासगी नोकरदाराची सवलत मर्यादित असते: ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर पूर्ण पेन्शनच्या अंशराशी मूल्याचा एक तृतीयांश, नसेल तर निम्मा भाग करमुक्त.

मग फुकट काय? काहीच नाही. दरमहा १६,००० कापले जातात, तेही १५ वर्षे. बेरीज २८,८०,०००. म्हणजे ही आगाऊ उचल आहे, आणि फरक हे तिचे व्याज. पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते.

दोन गोष्टी दिलासा देणाऱ्या. महागाई भत्ता कापलेल्या नव्हे, मूळ पेन्शनवर मिळतो. आणि पेन्शनर मधेच गेला, तर कुटुंब निवृत्तिवेतनातून ही वसुली होत नाही.

घरकर्ज फेडायचे असेल तर ही रक्कम कामाची. नुसती बचत खात्यात पडून राहणार असेल, तर दरमहाची कपात उगाच कशाला ओढवून घ्यायची?