कठीण पोलादाचा वस्तरा: धार लावण्याचे शास्त्र

हिंगोली जिल्ह्यातील वसमत आज हळदीच्या बाजारपेठेमुळे ओळखले जाते; परंतु हे गाव हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात मोडत होते, त्या काळात याच संस्थानाच्या निजामाबाद भागाला पोलादाची एक विख्यात परंपरा लाभलेली होती. तेथील कोनासमुद्रम गावी बंद मुशीत लोखंड वितळवून जे पोलाद तयार होई, ते खरेदी करण्यासाठी इराणमधले व्यापारी तेथवर येत, असे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी डॉ. व्हॉयसी यांनी नोंदवून ठेवले आहे. दख्खन आणि दक्षिण भारतातील अशा पोलादाला युरोपात ‘वुट्झ’ म्हणत. १७९४ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले आणि जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या शस्त्रकारागिराने त्यापासून शस्त्रक्रियेची हत्यारे व वस्तरे घडवून, युरोपातील उत्तम पोलादापेक्षाही आपण ते पसंत करतो, असे आपल्या जाहिरातपत्रात छापले. पुढे याच स्टोडार्टच्या साहाय्याने मायकेल फॅराडे यांनी पोलादात प्लॅटिनम, ऱ्होडियम, चांदी असे धातू मिसळून प्रयोग केले आणि त्या मिश्र पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले. विजेच्या संशोधनासाठी जगाला माहीत असलेल्या या शास्त्रज्ञाने पोलादाच्या परीक्षेसाठी वस्तरा निवडावा, यात नवल नाही. कारण पोलादातील लहानसा दोषही वस्तऱ्याच्या धारेवर जसा उघडा पडतो, तसा अन्य हत्यारात क्वचितच पडतो.

पोलादाचे काठिण्य रॉकवेल या मापाने सांगितले जाते, ज्यात हिऱ्याचे टोक ठरावीक दाबाने धातूत रुतवून ते किती खोल गेले हे मोजतात. पारंपरिक कार्बन पोलादाचे वस्तरे या मापावर साधारण ५८ ते ६२ अंकांच्या आसपास असतात, तर भुकटीपासून घडविलेल्या नव्या पोलादांपैकी काही ६४ च्या पुढे जातात. या पद्धतीत वितळलेल्या धातूचे सूक्ष्म थेंब गोठवून त्यांची भुकटी करतात आणि ती दाब व उष्णता देऊन एकजीव करतात, त्यामुळे कार्बाइडचे, म्हणजे कार्बन व धातू यांच्या संयुगाचे, अतिकठीण कण बारीक व सर्वत्र सारखे पसरलेले राहतात. अशी धार अधिक काळ टिकते हे खरे, पण ती लावणेही तितकेच कष्टाचे होते. पोलादात व्हॅनेडियम कार्बाइडचे प्रमाण मोठे असेल, तर ते कण नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असल्यामुळे दगड भोवतालचे पोलाद झिजवतो आणि कण मात्र तसेच राहतात, म्हणून तेथे हिऱ्याच्या कणांचा दगड वापरावा लागतो.

वस्तऱ्याला धार लावताना कोन हाताने धरावा लागत नाही, कारण पात्याची जाड पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली असतात व पाठीची जाडीच कोन ठरवते. पाते सोळा मिलिमीटर रुंद आणि पाठ सव्वाचार मिलिमीटर जाड असेल, तर तो कोन सुमारे १५ अंश येतो. सर्वांत महत्त्वाचे काम पहिल्याच दगडावर, म्हणजे साधारण १००० क्रमांकाच्या दगडावर होते. तेथे दोन्ही बाजूंचे उतार टोकापासून टाचेपर्यंत एकमेकांना भेटले नाहीत, तर पुढचे कितीही बारीक दगड ती उणीव भरून काढू शकत नाहीत, आणि कठीण पोलादात हे भेटणे इतके सावकाश घडते की घाई करणारा बहुधा येथेच फसतो. दाब वाढवून वेळ वाचविण्याचा मोह टाळावा, कारण अतिकठीण धार वाकण्याऐवजी तुटते आणि दाबाने पडलेले खोल ओरखडे पुढे ४०००, ८००० आणि १२००० क्रमांकांच्या दगडांवर काढता काढता सगळा वाचलेला वेळ खर्ची पडतो. प्रत्येक टप्प्यावर भिंगातून पाहून आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याची खात्री करूनच पुढे जावे. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते पाठीकडून ओढावे आणि उलटविताना ते पाठीवरच उलटवावे. धारेवर उलटल्यास पट्टा कापला जातो आणि धारही बिघडते.

केसासारख्या मऊ पदार्थाने पोलादाची धार का बिघडावी, याचे उत्तर ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी दिले. पोलादाच्या तुलनेत केस सुमारे पन्नासपट मऊ असतो, तरी तो वाकून तिरका भिडला आणि त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना असमान असली, तर धारेचा सूक्ष्म टवका उडतो, असे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. तेव्हा नुसते काठिण्य पुरेसे नसून रचनेचा सारखेपणाही तितकाच लागतो.

दाढी करण्यापूर्वी कोमट पाण्याने केस भिजवून मऊ करणे, त्वचा दुसऱ्या हाताने ताणून धरणे, पात्याचा त्वचेशी कोन ३० अंशांच्या आसपास ठेवणे आणि पहिला हात केसांच्या वाढीच्या दिशेने फिरवणे, या गोष्टी धोकटी घेऊन घरोघरी जाणाऱ्या मराठवाड्यातील वारिकाला, म्हणजे न्हाव्याला, पुस्तकाविना ठाऊक होत्या. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या बलुतेदारीत राबले आणि त्याची कारागिरी म्हणून फारशी नोंदही झाली नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. आज वसमतच्या सलूनमध्ये अर्धे पाते बसविण्याचा वस्तरा असतो आणि ते योग्यच आहे, कारण हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते हाच त्यावरचा सोपा उपाय आहे. अखंड पात्याचा वस्तरा त्यामुळे एकाच मालकाच्या चेहऱ्यापुरता उरतो.

अशा मालकाने वापरानंतर पाते कोरडे पुसावे, आणि ते गंज पकडणाऱ्या कार्बन पोलादाचे असल्यास पावसाळ्यात त्यावर तेलाचा पुसट हात फिरवावा. केस ओढल्यासारखे वाटू लागले की सर्वांत बारीक दगडावर मोजकेच हलके फटके द्यावेत. धारेवर टवके पडलेले नसतील, तर पहिल्या जाड दगडाकडे परत जाण्याची गरज नसते.