गोल कडेची टाइल आणि कोपऱ्याचे काम

भिंतीवरील सिरॅमिक टाइल समोरून चकचकीत, धुता येण्याजोगी आणि पाण्याला दाद न देणारी दिसत असली, तरी तिचे हे सारे गुण दर्शनी बाजूवरच्या काचेसारख्या लेपापुरते म्हणजे ग्लेझपुरते मर्यादित असतात. त्याखालचे अंग भाजलेल्या मातीचे, सच्छिद्र असते आणि भिंतीसाठीच्या टाइलच्या बाबतीत ते स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषून घेते. टाइलांची रांग जिथे सलग चालते तिथे हे अंग शेजारच्या टाइलमागे दडलेले राहते, परंतु खिडकीच्या बगलेत, खांबाच्या कोपऱ्यावर किंवा कमरेइतक्या उंचीवर थांबवलेल्या पट्ट्याच्या माथ्यावर टाइलची जाडी आणि तिच्यामागील सिमेंटचा थर अशा दोन्ही गोष्टी उघड्या पडतात. गोल कडेची टाइल, जिला बांधकामाच्या व्यवहारात बुलनोज म्हटले जाते, ती या उघड्या पडलेल्या जाडीवरचा उपाय आहे. तिच्याकडे निव्वळ शोभेची वस्तू म्हणून पाहिले की तिच्या आकारातले आणि ती बसवण्याच्या क्रमातले बरेचसे कळेनासे होते.

असा तुकडा कारखान्यात नेमक्या मापाने काढणे शक्य झाले ते इंग्लंडमध्ये. १८४० साली रिचर्ड प्रॉसर याने जवळजवळ कोरडी मातीची भुकटी पोलादी साच्यात दाबून वस्तू घडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटन याने ती टाइलांसाठी वापरात आणली. ओल्या मातीची टाइल वाळताना वाकडी होई, तो दोष या पद्धतीत पुष्कळ कमी झाला. शिवाय साच्याचा काठच गोल केला की टाइलही गोल काठाची निघे आणि भाजण्यापूर्वी त्या गोलाईवर लेप देता येई. एक काठ गोल असलेल्या टाइलला ब्रिटिश व्यापारात ‘आरई’ आणि लगतचे दोन काठ गोल असलेल्या टाइलला ‘आरईएक्स’ अशी आद्याक्षरांची नावे पडली. यांतला दुसरा प्रकार फार थोडा लागतो, पण जिथे लागतो तिथे त्याच्यावाचून काम अडते.

गोलाई किती मोठी असावी, हे टाइलमागे काय आहे यावर ठरते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकी स्नानगृहांत टाइला सिमेंट, वाळू आणि चुना यांच्या सुमारे पाऊण ते एक इंच जाडीच्या थरात बसवल्या जात. हा थर आधी पट्टीने सपाट ओढून घेतला जाई, त्यावर निव्वळ सिमेंटचा पातळ हात फिरे आणि टाइला ओल्यावरच ठोकून बसत. त्याआधी त्या पाण्यात भिजत घातलेल्या असत, कारण कोरडी टाइल सिमेंटमधले पाणी ओढून घेते आणि सिमेंट पुरते धरत नाही. बुडबुडे येणे थांबले की टाइल तयार झाली, अशी कारागिराची सोपी खूण होती. अशा भिंतीत टाइलांचा पट्टा वरच्या प्लास्टरपेक्षा जवळजवळ पाऊण इंच पुढे येई आणि माथ्यावर तेवढीच ओबडधोबड जाडी उघडी राही. ती झाकण्यासाठी जो तुकडा निघाला त्याची गोलाई पाऊण इंच त्रिज्येची होती: तो समोरच्या टाइलशी समतल सुरू होऊन वळसा घेत मागच्या प्लास्टरला टेकत असे. या वळशाच्या पोटातली पोकळी मसाल्याने हाताने ठासून भरावी लागे; ती रिकामी राहिली तर तुकडा वाजवल्यावर पोकळ बोले आणि पहिल्या धक्क्याला तडकून जाई.

१९५० च्या दशकात काही मिलिमीटर थरात टाइल धरून ठेवणारी मिश्रणे अमेरिकेत आली आणि इंचभर जाडीचा मसाला हळूहळू मागे पडला. मागचा थरच पातळ झाल्यावर मोठ्या वळशाच्या तुकड्याला झाकण्यासारखे काही उरले नाही, आणि त्याच्या जागी बाकीच्या टाइलांइतकाच सपाट, फक्त एका काठाला किंचित गोल केलेला तुकडा रूढ झाला. जुन्या स्नानगृहाची दुरुस्ती करताना आजही या फरकाची आठवण ठेवावी लागते, कारण एका पद्धतीचा तुकडा दुसऱ्या पद्धतीच्या भिंतीवर बसतच नाही.

पातळ थराच्या कामात बाहेरच्या कोपऱ्याची, म्हणजे दोन भिंती जिथे आपल्याकडे टोक करून मिळतात त्या जागेची, आखणी सर्वांत आधी करावी लागते. दोन भिंतींपैकी एकीवर साध्या टाइला कोपऱ्याच्या रेषेपर्यंत आणून थांबवतात आणि दुसरीवरची बुलनोज टाइल त्या रेषेपलीकडे पुढे काढून पहिल्या भिंतीवरच्या टाइलांचा कच्चा काठ झाकतात. टाइल ८ मिलिमीटर आणि तिच्यामागचे ॲडहेसिव्ह ३ मिलिमीटर असेल, तर बुलनोज ११ मिलिमीटर पुढे आली पाहिजे. त्याहून कमी आली तर कच्चा काठ डोकावतो, जास्त आली तर हाताला ओठ लागतो. साध्या टाइलांची भिंत आधी आणि बुलनोजची नंतर हा क्रम उलटवला, तर पुढे आलेल्या काठामागे टाइल सरकवण्याची कसरत करावी लागते. सांध्याची बारीक रेषा पहिल्या भिंतीच्या अंगावर दिसते, म्हणून दारातून समोर दिसणारी भिंत बुलनोजसाठी राखून ठेवणे हे चांगल्या लादीवाल्याचे लक्षण. गोल काठांची उभी रेषा प्लास्टरच्या कडेवरून न धरता ओळंब्यावरून धरतात. कोपरा वाकडा असेल तर तो फरक प्लास्टर दुरुस्त करून काढतात, आणि अपुऱ्या मापाचा कापलेला तुकडा नेहमी आतल्या कोपऱ्यात ढकलतात.

खिडकीच्या तळाशी हेच गणित आडवे होते. खालच्या उभ्या टाइला आधी लागतात, त्यांच्या माथ्यावर तळाच्या टाइलचा गोल काठ येतो, आणि तळाला खोलीच्या बाजूस किंचित उतार दिला जातो, नाहीतर पाणी चौकटीपाशी साचते. जिथे तळ, बगल आणि भिंत हे तिन्ही एका टोकाशी भेटतात तिथे दोन काठ गोल असलेली टाइल हवी. ती नसेल तर दोन बुलनोज तुकडे तिरपे कापून चित्राच्या चौकटीप्रमाणे जुळवावे लागतात. तिरपा काप पाण्याच्या कटरवर, चकाकती बाजू वर ठेवून, मापापेक्षा केसभर लांब घ्यावा आणि उरलेले घासणीच्या दगडाने उतरवावे. लेपाचा टवका एकदा उडाला की सांध्यात भरलेले ग्राउट तो लपवत नाही. पाव वर्तुळाच्या अरुंद पट्टीच्या बाबतीत पाठीवर माल भरून ती जागी दाबतात आणि सुकेपर्यंत कागदी चिकटपट्टीने बांधून ठेवतात, कारण तिला टेकायला जागा कमी आणि घसरायला वाव फार.

आतल्या कोपऱ्याचे तत्त्व वेगळे आहे. तिथे झाकण्यासारखी कड नसते, पण घाण आणि पाणी साचते. महाराष्ट्रातील गच्चीच्या कामात कठड्याच्या पायथ्याशी मसाल्याचा जो अंतर्गोल ‘वाटा’ काढतात, त्याच हेतूने रुग्णालयांत जमीन आणि भिंत यांच्यामध्ये अंतर्गोल टाइल बसवली जाते. तिचा पाया जमिनीच्या टाइलशी समतल राहायचा असेल तर ती जमिनीच्या आधी बसवावी लागते. दोन भिंतींच्या आतल्या सांध्यात मात्र सिमेंटच्या ग्राउटऐवजी सिलिकॉनसारखे लवचिक द्रव्य भरणे योग्य, कारण दोन भिंती एकाच प्रमाणात हलत नाहीत आणि कडक सांध्याला तिथे हमखास तडा जातो.

भारतात चकचकीत भिंत-टाइलांचा मोठा उद्योग १९५८ साली स्थापन झालेल्या एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) सारख्या कंपन्यांनी उभा केला. पुढे उत्पादनाचे केंद्र गुजरातेतील मोरबी झाले आणि मोठ्या मापाच्या व्हिट्रिफाइड टाइला स्वस्त झाल्या. या टाइलांचे अंग अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे कड झाकण्याचे जुने कारण उरले नाही, तरी दिसण्याचे कारण उरलेच: पृष्ठावर छापलेला संगमरवर काठाला घासला की खालचा वेगळा रंग उघडा पडतो. आरपार एकाच रंगाच्या फुल बॉडी टाइलला ही अडचण नाही, म्हणून जिन्याच्या पायऱ्यांसाठी त्याच प्रकाराला गोल नोझिंग काढून देतात. इतरत्र दोन वाटा उरल्या. एक धातूच्या पट्टीची: जर्मनीतील वेर्नर श्लुटर याने १९७५ साली आणलेल्या पट्टीचा छिद्रे पाडलेला पाय टाइलखालच्या ॲडहेसिव्हमध्ये रुतून बसतो आणि तिची दर्शनी कड टाइलचा काठ सांभाळते, गोल कडेचे प्रकार नंतर त्यातूनच निघाले. दुसरी वाट म्हणजे दोन्ही टाइलांना पाठीमागून ४५ अंशांचा कोन मारून कोपरा जुळवण्याची, जी मुंबई-पुण्याच्या घरांत सध्या विशेष आवडीची आहे.

हा कोन दिसायला देखणा असला तरी वापराच्या जागी तो गोल काठाची बरोबरी करत नाही. टाइल सुरीच्या पात्यासारखी अगदी टोकापर्यंत झिजवली, तर लेपाला मागून आधारच राहत नाही आणि बादलीचा हलका धक्कासुद्धा टवका उडवतो. त्यामुळे समजदार कारागीर टोकाला मिलिमीटरभर सपाट कड शिल्लक ठेवतो आणि सांधा इपॉक्सीने भरून वरून अलगद घासून घेतो. कोरड्या ग्राइंडरने हे काम करताना उडणारी सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना कायमची इजा करणारी असते, तेव्हा पात्यावर पाणी सोडणे आणि योग्य मुखपट्टी वापरणे याला पर्याय नाही, जरी बहुतेक कामांवर रुमालावरच भागवले जाते. कारखान्यातून गोल होऊन आलेल्या काठाला हे काही लागत नाही. त्याची अट एवढीच की तो साध्या टाइलांबरोबर, शक्यतो एकाच छटेच्या खेपेतला आणि चार-दोन नग जास्त धरून मागवावा, कारण वेगळ्या साच्यात दाबला आणि वेगळ्या वेळी भाजला गेलेला तुकडा रंगाने आणि मापाने थोडा सरकतो आणि नंतर जुळणारा मिळेलच असे नाही.