कासवाच्या पाठीवर मनोरे का उभे राहतात?

पाळलेल्या कासवाची पाठ पुष्कळदा ओबडधोबड दिसते. प्रत्येक खवल्याचा जणू लहानसा मनोराच झालेला असतो. असे का होते?

कवच म्हणजे कासवाने पाठीवर वाहून नेलेले घर नव्हे. कासवाचा कणा व बरगड्या कवचाच्या हाडात एकजीव झालेल्या असतात. हाडावर केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे, खवले असतात. वाढत्या कासवात प्रत्येक खवल्याच्या कडेला नवा थर येतो. हा थर बाजूला न पसरता खालच्या दिशेने वाढला, की खवल्याचा मधला भाग उंच राहतो.

पूर्वी याचा दोष आहारातील जादा प्रथिनांना देत. व्हिएन्ना येथे आफ्रिकी सुलकाटा कासवाच्या पिल्लांवर प्रयोग झाला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिनांचा परिणाम थोडाच आढळला; खरे कारण ठरली कोरडी हवा! तुम्ही म्हणाल, हे कासव तर सहारा वाळवंटाच्या कडेचे. खरे आहे, पण ते बराच वेळ बिळात काढते आणि बिळातील हवा दमट असते.

कवच मऊ पडणे हा निराळा, अधिक घातक विकार. कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी पडले, की तो जडतो. हे जीवनसत्त्व उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होते. खिडकीची काच ते किरण अडवते.

आलेले उंचवटे पुढे जात नाहीत. काळजी घेतल्यास नवी वाढ तेवढी सपाट होते.

आपल्याकडील स्टार कासवाला मात्र निसर्गतःच उंचवटे असू शकतात. ते घरी पाळणे गुन्हा आहे. कोठे कोंडलेले दिसल्यास वन विभागाला कळवा.