टॅपेट कव्हरचे पॅकिंग

मोटारीचे बॉनेट उघडताच इंजिनाच्या माथ्यावर जे लांबट झाकण दृष्टीस पडते, त्याला माहितीपुस्तकांत ‘सिलिंडर हेड कव्हर’ किंवा ‘व्हॉल्व्ह कव्हर’ म्हटलेले असले, तरी महाराष्ट्रातल्या गॅरेजांत त्याचे चालते नाव टॅपेट कव्हर हेच आहे. हे झाकण आणि त्याखालचे सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाच्या झडपा ज्यात बसवलेल्या असतात तो भाग, या दोहोंच्या मध्ये रबराची एक बंद कडी दाबून बसवलेली असते. तिला गॅस्केट आणि कारागिरांच्या तोंडी पॅकिंग म्हणतात. गाडीच्या सुट्या भागांत ही वस्तू किमतीने अगदी खालच्या रांगेतली आहे. तरीही जुन्या गाड्यांच्या इंजिनावर बाहेरून जो काळा, धूळ धरलेला तेलकट थर दिसतो, त्याचा उगम पुष्कळदा या कडीपाशीच असतो, आणि ती बदलण्याचे काम साधी हत्यारे व एक मोकळी सकाळ हाताशी असलेल्या माणसाला घरी करता येते.

‘टॅपेट कव्हर’ या नावामागे इंजिनांच्या रचनेतला एक बदल दडलेला आहे. कॅमशाफ्ट म्हणजे झडपांची उघडझाप करणारा, अंगावर उंचवटे असलेला दांडा, आणि टॅपेट म्हणजे त्या उंचवट्यांचा रेटा पुढे पोचवणारा तुकडा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेल्या आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप अनेक दशके ठरवणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या १,०८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्ये असे; टॅपेटही तिथेच असत, आणि त्यांचा रेटा लांब काड्यांमधून वर रॉकरपर्यंत, म्हणजे झडपेला दाबणाऱ्या छोट्या तरफेपर्यंत जाई. वरच्या झाकणाखाली त्यामुळे टॅपेट नसतच, फक्त रॉकर असत. पण रॉकर आणि झडप यांच्यातली फट जुळवण्याच्या कामाला ‘टॅपेट सेटिंग’ म्हणत आणि त्यासाठी हेच झाकण उघडावे लागे, म्हणून नाव रुळले ते टॅपेट कव्हर असे. पुढे कॅमशाफ्ट हेडवर चढला, आणि मारुतीच्या के-मालिकेसारख्या इंजिनांत वाटीच्या आकाराचे टॅपेट खरोखरच या झाकणाखाली येऊन बसले. जे नाव काटेकोर अर्थाने चुकीचे होते, ते अशा रीतीने यंत्रानेच खरे करून दाखवले.

घरगुती कामाचा विचार करताना १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती किल्ली गेलेली आणि २०१४ च्या आरंभापर्यंत बनत राहिलेली मारुती ८०० हे सर्वांत सोयीचे उदाहरण ठरते. तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनात एकच कॅमशाफ्ट हेडवर फिरतो आणि मूळच्या रचनेत सिलिंडरमागे दोन अशा एकूण सहा झडपा असतात. बॉनेटखाली हात घालायला जागाही बेताची का होईना, पण मोकळी मिळते. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत काम याच क्रमाने होते, फक्त झाकणावर चढवलेल्या वस्तू वाढलेल्या असतात.

या सांध्यावर तेलाचा दाब जवळजवळ नसतो, ही गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. पंपाने वर चढवलेले तेल कॅमशाफ्ट आणि रॉकर यांना भिजवून भोकांवाटे खाली ओघळते, आणि पॅकिंगला अडवायचे असते ते केवळ उडणारे शिंतोडे व कडेला साचणारा ओलावा. सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधले हेड गॅस्केट मात्र जळणाऱ्या वायूंचा प्रचंड दाब, तेल आणि पाणी ही तिन्ही एकमेकांपासून वेगळी राखते, आणि ते बदलणे म्हणजे अर्धे इंजिन उघडणे होय. ‘हेडमधून ऑईल येतंय’ एवढेच ऐकून गाडीमालकाच्या छातीत जे धस्स होते, ते या दोन पॅकिंगांच्या नावांत झालेल्या गोंधळामुळे होते, म्हणून खर्चाचा आकडा विचारण्याआधी कोणते पॅकिंग हे विचारून घ्यावे.

दाब नसताना हे पॅकिंग निकामी होते ते उष्णतेमुळे. चालत्या इंजिनातले तेल शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, इंजिन रोज तापते आणि रोज थंड होते, आणि या अखंड चक्रात रबर आपला लवचीकपणा हळूहळू गमावते. नवे रबर दाबले तर उलट रेटा देते, आणि त्या रेट्यावरच सांधा बंद राहतो. जुने रबर दाबलेल्या आकारातच कायमचे बसते. काढलेले जुने पॅकिंग उजेडात धरून पाहिले तर हे स्पष्ट दिसते: ज्या कडेला मुळात गोलाई होती तिथे आरशासारखा चकचकीत सपाटपणा आलेला असतो, खाचेचा ठसा त्यावर उमटलेला असतो, आणि वाकवू गेल्यास ते चकलीसारखे कटकन मोडते. अशा पॅकिंगवर बोल्ट कितीही आवळले तरी उपयोग होत नाही, कारण उलट रेटा देणारे त्यात काही उरलेलेच नसते.

पद्मिनीच्या पिढीतल्या गाड्यांत हे पॅकिंग बुचाचे, म्हणजे कॉर्कचे असे. कॉर्क ही भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात वाढणाऱ्या ओकच्या एका जातीची साल. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाल्यावर ती पहिल्यांदा काढतात आणि नंतर साधारण नऊ वर्षांनी पुन्हा, आणि जगातला सुमारे निम्मा कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतो. हवेने भरलेल्या सूक्ष्म पेशींमुळे कॉर्क दाबला जातो पण बाजूला पसरत नाही, त्यामुळे पत्र्याच्या ओबडधोबड झाकणांना तो चांगला मानवला. मात्र तो वाळतो, आकसतो, आणि काढताना त्याचा भुगा होतो. पुढे कॉर्कात रबर मिसळले गेले आणि मग निव्वळ रबर आले. नायट्रिल रबर तेलापुढे चांगले टिकते, पण शंभर-सव्वाशे अंशांपलीकडे कडक होते. अॅक्रिलिक रबर साधारण दीडशे अंशांपर्यंत टिकते. सिलिकॉन दोनशेच्याही पुढे जाते. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या दुकानांत एकाच गाडीसाठी दोन-तीन किमतींची पॅकिंगे मिळतात, तेव्हा त्यांतला फरक बहुधा या रबराचा आणि साच्याच्या अचूकपणाचा असतो, डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही. ज्या कामात वस्तूपेक्षा मेहनत मोठी, तिथे वस्तूत काटकसर करू नये.

गळती खरोखर याच सांध्यातून होत आहे की नाही, हे आधी ठरवले पाहिजे. तेल नेहमी खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते, म्हणून डाग जिथे दिसतो तिथे उगम असेलच असे नाही. इंजिनाची बाहेरची बाजू डिझेलने किंवा डिग्रीझरने पुसून कोरडी करावी, दोन-तीन दिवस गाडी चालवावी आणि मग सर्वांत उंचावरचा ओला ठिपका शोधावा, ही साधी रीत सर्वांत भरवशाची आहे. काही इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकावरून फिरणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या मुळाशी असलेली रबरी रिंग गळते आणि दोष टॅपेट कव्हरच्या माथी येतो. गरम सायलेन्सर पाइपाच्या मुळाशी तेल ठिबकत असेल, तर सिग्नलला उभे राहिल्यावर करपट वास आत येतो. तो वास दुर्लक्षिण्यासारखा नाही, कारण इंजिन ऑईलची वाफ दोनशे अंशांच्या थोडे पुढे पेट घेऊ शकते आणि धुराड्याचा तो भाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. ज्या इंजिनांत स्पार्क प्लग झाकणाच्या मधोमध खोल विहिरीत बसवलेले असतात, तिथे विहिरीच्या कडेची गोल सीलेही जुनी होतात, तेल प्लगभोवती साचते आणि इंजिन ‘मिसिंग’ करू लागते. म्हणून अशा गाड्यांत सीले पॅकिंगबरोबरच बदलावीत.

काम पूर्ण थंड इंजिनावरच करावे. बॅटरीची ऋण बाजू सोडून, कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत एअर क्लीनरचे भांडे व श्वासनळी, म्हणजे ब्रीदर पाइप, आणि नव्या गाडीत कॉइल व वायरींचे जोड बाजूला केले की झाकणाचे बोल्ट मोकळे होतात. ते बहुधा सहा मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्यांना दहा नंबरचा पाना किंवा गोटी लागते. बोल्ट काढण्यापूर्वी झाकणाभोवतीची माती ब्रशने आणि हवेने काढणे अत्यावश्यक आहे, कारण झाकण उचलताक्षणी ती सरळ कॅमशाफ्टवर पडते. पुसायला बनियन कापड वापरावे. गॅरेजांत सर्रास दिसणारे कॉटन वेस्ट इथे नको, त्याचे धागे तेलाच्या वाटेत जातात. झाकण चिकटून बसले असेल तर रबरी हातोडीने कडेला हलके ठोकावे. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटले तर मऊ अॅल्युमिनियमवर ओरखडा उठतो, आणि नवे पॅकिंग घातल्यावरही त्याच ओरखड्यातून तेल वाट काढते.

झाकण उघडले की इंजिनाचा इतिहास समोर येतो. ऑईल वेळेवर बदलले गेले असेल तर आतला धातू मधाच्या रंगाचा दिसतो. दुर्लक्ष झाले असेल तर कोपऱ्यांत डांबरासारखा काळा गाळ साठलेला असतो. पांढरट-पिवळी साय दिसली तर ती फक्त छोट्या फेऱ्यांमुळे साचलेल्या दमटपणाचीही असू शकते, पण रेडिएटरमधले पाणीही घटत असेल तर हेड गॅस्केटकडे लक्ष द्यावे लागते. मारुती ८०० मध्ये याच वेळी फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांच्या जुडग्याने, टॅपेटची फट तपासून घेणे शहाणपणाचे.

या कामाचा सर्वांत मोठा वाटा स्वच्छतेचा आहे, आणि कंटाळा येतो तोही इथेच. झाकणाच्या खाचेतून जुन्या रबराचे कण लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावेत, हेडची कड बोट फिरवून तपासावी आणि दोन्ही पृष्ठे तेलाचा अंशही न राहता कोरडी करावीत. नवे पॅकिंग कोरड्या खाचेत कोपऱ्यांपासून दाबत जावे. ताणून बसवल्यास ते मागाहून आकसून निसटते. पॅकिंगभर सिलिकॉन पेस्ट फासण्याची सवय मोडायला हवी. ती फक्त टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात किंवा कॅमशाफ्टची अर्धगोल जागा जिथे संपते, अशा कोपऱ्यांवर थेंबभर लावायची असते. जास्तीची पेस्ट आत पिळून निघते, तुटते, आणि ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते.

बोल्ट आधी सगळे हाताने लावावेत, मग मधल्यापासून बाहेर जात दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. किती, याचा आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्यावा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो दहा न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा कमी असतो. याचा अर्थ असा की पंधरा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर जेमतेम सात किलोचा जोर पुरतो, आणि साधा प्रौढ माणूस नकळत त्याच्या तिप्पट लावतो. जास्त आवळल्याने पत्र्याचे झाकण बोल्टपाशी खोलगट होते आणि दोन बोल्टांच्या मध्ये वर उचलले जाते, प्लास्टिकच्या झाकणाला चीर जाते, आणि अॅल्युमिनियममधले आटे उपटून आले तर स्वस्त काम एकदम महागात पडते. सांधा धरतो तो सगळीकडे सारख्या दाबाने.

काटेकोर काम करूनही काही महिन्यांत पुन्हा गळती सुरू झाली, तर दोष पॅकिंगमध्ये शोधू नये. पिस्टनच्या कडांवरून थोडे जळके वायू नेहमीच खाली निसटतात, आणि त्यांना पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या एकमार्गी झडपेतून पुन्हा इंजिनात ओढून घेतले जाते. ही झडप किंवा तिची नळी गाळाने बुजली की आतला वायू अडतो, दाब वाढतो आणि सर्वांत कमकुवत सांध्यातून तेलासकट बाहेर पडू लागतो. म्हणून पॅकिंग बदलतानाच नळी काढून फुंकून पाहावी, आणि झडप हलवली असता आतून टकटक आवाज येतो की नाही हे ऐकावे.

पेस्ट लावली असेल तर ती पूर्ण वाळेपर्यंत, साधारण एक दिवस, गाडी सुरू करू नये. त्यानंतर इंजिन पूर्ण तापेपर्यंत उभ्याने चालवून झाकणाची मागची, भिंतीकडची कड आरसा धरून पाहावी, कारण हात आणि नजर दोन्ही तिथे सहज पोचत नाहीत, आणि पॅकिंग खाचेतून निसटले असेल तर बहुतेक वेळा तिथेच. कॉर्कच्या पॅकिंगला पहिल्या तापण्यानंतर, इंजिन थंड झाल्यावर, पुन्हा एक हलकी आवळणी लागते. खांदा असलेल्या बोल्टांवर बसलेल्या रबराला ती लागत नाही.