जुने कागद, जुने फोटो आणि घरचा स्कॅनर

आमच्या दुकानाचा किरायानामा फसली सन १३५२ चा, म्हणजे इसवी सन १९४२-४३ चा आहे. निजाम सरकारच्या स्टँपपेपरवर उर्दूत लिहिलेला, आजोबांच्या सहीचा. दरमहा किराया हाली सिक्का १८ रुपये. मागे वकील साहेबांनी त्याचे मराठी भाषांतर मागितले. मूळ कागद दहा हातांतून फिरू नये म्हणून मी तो एका दुकानात स्कॅन करून घेतला आणि भाषांतर करणाऱ्या मौलवी साहेबांच्या मोबाइलवर पाठवला. आठ दिवसांनी भाषांतर आले. किराया १८० रुपये!

त्या काळी आमच्या बोळातल्या दुकानाला १८० रुपये किराया कोण देणार होते? मूळ कागद काढून भिंगाखाली पाहिला. १८ च्या पुढे काहीच नव्हते. स्कॅनमध्ये मात्र एक काळे टिंब होते. उर्दूत शून्य म्हणजे टिंबच. यंत्राच्या काचेवर चिकटलेला शाईचा कण आमच्या किरायानाम्यात शून्य होऊन बसला होता. जुने मुन्शी या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार होते. आकड्यानंतर ते रक्कम अक्षरांत लिहीत आणि पुढे तिची निस्फ, म्हणजे निम्मी रक्कमही लिहीत, की कोणी आकडा वाढवला तर पकडला जावा. आमच्या कागदावरही अठराची निस्फ नऊ लिहिलेली आहे. पण ती ओळ नेमकी घडीत आली आणि स्कॅनमध्ये घडीच्या जागी काळा पट्टा उमटला.

त्या दिवशी ठरवले की स्कॅनर घरात घ्यायचा. घेण्यापूर्वी तीन महिने चौकशी केली. त्यातले जे कामाचे वाटले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी लिहितो आहे.

मराठवाड्यात आपल्या प्रत्येकाच्या घरी एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात बैनामा, मुन्तखब, सनद, वाटणीपत्र, निकाहनामा, शाळा सोडल्याचा दाखला आणि तळाशी फोटो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलुख हैदराबाद संस्थानात होता, म्हणून त्याआधीचे सरकारी कागद बहुतेक उर्दूत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दफ्तरे तपासायला घेतली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज साऱ्या महाराष्ट्राला कळली. आपल्या घरात मात्र आजोबांचा कागद वाचू शकणारा बहुधा एकच माणूस उरलेला असतो, आणि तो साठीच्या पुढचा असतो. त्याच्या हयातीत कागद स्कॅन करून त्याच्याकडून वाचून घेतला तर ठीक.

मोबाइलवर फोटो काढता येतो, मग यंत्र कशाला, असे मुलगा म्हणाला. बिलासाठी मोबाइल पुरे आहे. पण मोबाइलच्या फोटोत हाताची सावली पडते, कडा वाकतात आणि प्रत्येक फोटोचे माप वेगळे येते. सपाट काचेच्या स्कॅनरमध्ये उजेड सगळीकडे सारखा पडतो आणि कागदावरचा एक इंच स्कॅनमध्येही एक इंचच राहतो. घराच्या नकाशावर माप घ्यायचे असेल तर हा फरक लाखाचा आहे.

आकड्यांची खळ

दुकानात गेल्यावर विक्रेता पहिली गोष्ट डीपीआयची सांगतो. डीपीआय म्हणजे एका इंचात यंत्र किती ठिपके टिपते. कापडवाल्याला हे समजायला वेळ लागत नाही. इंचात ताण्याचे आणि बाण्याचे किती तार, तसेच हे. पण यात दोन आकडे असतात. एक ‘ऑप्टिकल’, म्हणजे यंत्र खरोखर टिपते तो. दुसरा ‘इंटरपोलेटेड’, म्हणजे दोन खऱ्या ठिपक्यांच्या मध्ये संगणकाने अंदाजाने भरलेले ठिपके मिळून होतो तो. खोक्यावर मोठ्या अक्षरात दुसरा आकडा छापलेला असेल तर समजावे की कापडाला खळ दिली आहे. हाताला जाड लागते, पण तार वाढत नाहीत.

आणि खरा आकडा तरी किती लागतो? साध्या दस्तासाठी ३०० पुरे. बारीक उर्दू हस्ताक्षर, शिकस्ता लिपी किंवा पुसट शिक्का असेल तर ६००. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० वर घेतला तर दुप्पट मोठा छापता येतो. पासपोर्ट आकाराचा फोटो १२०० वर घ्यावा. आमच्या आजोबांचा एकच फोटो आहे, हजच्या कागदावरचा. तो १२०० वर घेतला आणि चौपट मोठा करून भिंतीवर लावला. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हसाठी मात्र २४०० ते ३२०० लागतात. याच्या वर जाण्यात घरच्या माणसाचा फायदा नाही. ए-फोर कागद रंगीत ३०० वर घेतला तर न दाबलेली फाइल सुमारे २५ एमबीची होते, ६०० वर १०० एमबीची. तोच कागद ४८०० वर घेतला तर साडेसहा जीबीच्या पुढे जाते. संगणक अडून बसेल आणि दस्तात एक अक्षर जास्त दिसणार नाही.

खरा फरक काचेखाली

डीपीआयपेक्षा महत्त्वाची गोष्ट विक्रेते स्वतःहून सांगत नाहीत. काचेखाली डोळा कोणत्या जातीचा आहे, हे विचारा. सीआयएस जातीचा डोळा कागदाला जवळजवळ चिकटून चालतो. यंत्र पातळ, हलके, वेगळी वीज लागत नाही, संगणकाच्या एकाच वायरवर चालते. कॅननचे लाइड ३०० आणि लाइड ४००, एप्सनचे व्ही-३९ ही या जातीची. कागद काचेला टेकलेला असेल तर चित्र उत्तम. पण एखाद-दोन मिलिमीटर वर उचलला गेला की धूसर. आमच्या किरायानाम्याची घडी अशाच पातळ यंत्राने काळी केली होती.

दुसरी जात सीसीडी. यात आरसे आणि भिंग असते, म्हणून यंत्र जाड आणि वजनदार. पण काचेपासून थोडे वर असलेले अक्षरही त्याला वाचता येते. चुरगळलेला दस्त, शिवलेली वही, उठावाचा शिक्का, फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला फोटो, यासाठी हीच जात हवी. फोटो काचेला चिकटला असेल तर तो सोडवायला जाऊ नका, वरचा थर निघून येतो. काचेसकट ठेवून सीसीडीवर घ्यावा. एप्सन व्ही-६०० या जातीचे आहे आणि त्याच्या झाकणात निगेटिव्हसाठी दिवाही आहे. अशा दिव्याशिवाय निगेटिव्ह निघत नाही, हे लक्षात ठेवावे. किंमत मात्र पातळ यंत्राच्या अनेक पट.

मग घ्यावे काय? मी पेटी जमिनीवर रिकामी करून मोजले. सपाट कागद शंभरावर, वाकडेतिकडे अकरा, काचेला चिकटलेले फोटो तीन, निगेटिव्ह दोन पाकिटे. एवढ्या थोड्या कामासाठी महाग यंत्र घेणे मला परवडण्यासारखे वाटले नाही. पातळ यंत्र घरी घेतले आणि अवघड चौदा नग व निगेटिव्ह एका फोटो स्टुडिओत समोर बसून काढून घेतले. ज्यांच्याकडे बापजाद्यांच्या वह्या आणि निगेटिव्हचे डबे आहेत, त्यांनी भावाभावांत मिळून जाड यंत्र घ्यावे. काम झाले की विकता येते.

एक अडचण मला यंत्र घरी आल्यावर कळली. काच ए-फोरची, म्हणजे २९.७ सेंटिमीटर लांब. आपले स्टँपपेपर ३३ ते ३५ सेंटिमीटर. खालच्या चार ओळी आणि साक्षीदारांच्या सह्या बाहेर राहतात! ए-थ्री काचेचे यंत्र फार महाग पडते. म्हणून कागद दोन भागांत घ्यावा. मधला हातभर नव्हे, पण चार बोटे भाग दोन्हींत यावा, म्हणजे जोड दिसतो आणि मधली ओळ गाळल्याचा संशय कोणी घेत नाही. विकत घेताना आपला सगळ्यात लांब कागद सोबत न्या आणि काचेवर ठेवून पाहा. झाकण बिजागरीतून वर उचलले जाते का, तेही पाहा. वही ठेवायची तर ते लागते.

जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी आधी त्याचे सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर चालते का ते बघावे. काच धडधाकट, दिवा चालू, पण नव्या विंडोजला यंत्र ओळखूच येत नाही, असे पुष्कळदा होते. व्ह्यूस्कॅन नावाचे स्वतंत्र सॉफ्टवेअर अनेक जुनी यंत्रे चालवते, पण त्याचे वेगळे पैसे पडतात.

नुक्त्याची हिफाजत

कापडाच्या घरात रोवा उडणारच. स्कॅन करण्यापूर्वी दर वेळी काच मऊ सुती फडक्याने कोरडी पुसा. पाणी किंवा औषध काचेवर थेट शिंपडू नका, आत उतरते. ‘खुदा’ आणि ‘जुदा’ यांत उर्दूत फरक फक्त नुक्ता कुठे आहे याचा. तेव्हा स्कॅन झाल्यावर पडद्यावर मोठा करून मूळ कागदाशी ताडून पाहावा, निदान नावे, आकडे आणि चतुःसीमा तरी. शंका आली तर कागद थोडा सरकवून पुन्हा घ्या. टिंब कागदावरचे असेल तर अक्षरासोबत सरकेल. काचेवरचे असेल तर जागच्या जागी राहील.

यंत्रात ‘ब्लॅक अँड व्हाइट’ असा पर्याय असतो, फाइल लहान होते म्हणून लोक तो निवडतात. जुन्या दस्ताला तो लावू नये. त्यात प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा होतो आणि पुसट नुक्ते उडून जातात. रंगीतच घ्या. जांभळी शाई कुठली आणि शिक्का कुठला, हे रंगावरून कळते. मूळ फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा, वकिलाला द्यायला पीडीएफ वेगळी करा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवले की ते दाबून लहान करते.

फाइलच्या नावात फसली आणि इसवी दोन्ही सने लिहा. फसलीत ५९१ मिळवले की त्या सालाचा बहुतेक भाग जिथे पडतो ते इसवी साल येते. शहराचे नाव कागदावर आहे तेच लिहा. आमच्या जुन्या दस्तावर औरंगाबाद आहे, नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. मी दोन्ही तसेच ठेवले आहेत.

एक सूचना हिमरू, मशरू आणि पैठणीच्या कारागिरांसाठी. जुन्या नमुन्याचे तुकडे स्कॅनरवर चांगले निघतात, ६०० वर तार मोजता येतात. शेजारी पट्टी ठेवावी. पण जर काळी पडते, कारण उजेड तिच्यावरून भलत्याच दिशेला परततो. तिचा फोटो दिवसाच्या उजेडात कॅमेऱ्याने घ्या. आणि पातळ यंत्रातल्या दिव्यांत काही रंग बदललेले दिसतात, म्हणून स्कॅन दाखवून गिऱ्हाइकाशी रंग पक्का करू नका. तुकडाच पाठवा.

बिलांबद्दल थोडेसे. जीएसटी कायद्यात हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. मशीनच्या चकचकीत कागदावरचे बिल उन्हात किंवा खिशात त्याच्या कितीतरी आधी कोरे होते. असे बिल आले की त्याच आठवड्यात स्कॅन करावे.

स्कॅन झाला म्हणजे मूळ कागदाची गरज संपली, असा समज आमच्याच घरात झाला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, पूर्वीच्या कायद्याप्रमाणेच, योग्य ताब्यातून आलेला ३० वर्षांचा जुना दस्त कोर्ट सही-अक्षर सिद्ध करायला न लावता खरा धरू शकते. घरच्या स्कॅनला तो मान नाही. आणि कृपा करून जुन्या दस्ताला लॅमिनेशन करू नका. मरहूम वालिद साहेबांनी १९९० च्या सुमारास आमचा बैनामा मोठ्या हौसेने लॅमिनेट करून आणला. आता आतली शाई पसरते आहे आणि प्लास्टिक सोलायला गेले तर कागद सोबत येतो. तो आम्ही ६०० वर स्कॅन करून ठेवला. चकाकीमुळे एका कोपऱ्यात पांढरा डाग येत होता, कागद उलट्या दिशेने ठेवल्यावर गेला. १९८० च्या दशकात स्टुडिओवाले रेशमी छापाच्या कागदावर फोटो देत, त्यांच्यावर चमकणारे ठिपके येतात. तिथेही हीच युक्ती थोडीफार चालते.

किरायानाम्याचे पुढे काय झाले, हे विचाराल. घरच्या यंत्रावर, घडी दोन दिवस जाड पुस्तकांखाली दाबून, तो पुन्हा स्कॅन केला. मौलवी साहेबांनी निस्फची ओळ वाचली आणि भाषांतर दुरुस्त करून दिले. स्कॅनची एक प्रत संगणकात आहे, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक जालन्याला बहिणीच्या घरी. मूळ कागद सुती कापडात गुंडाळून पुन्हा पेटीत ठेवला आहे.