डोंग्याला विजेची मोटर लावताना

बोटीला विजेची मोटर लावायची म्हटली की पहिला प्रश्न हमखास येतो, किती एचपीची घ्यायची? ही सवय विहिरीवरच्या पंपाने लावली आहे. पाण्यावर मात्र हा प्रश्न उलट्या टोकाने सुरू होतो. यवतमाळ जिल्ह्यात नावा चालतात त्या मुख्यतः अडवलेल्या पाण्यावर. पुसदजवळचं पूस, दिग्रसजवळचं अरुणावती, बाभूळगाव तालुक्यातलं बेंबळा, पैनगंगेवरचं इसापूर ही सगळी वर्षाचा बराच काळ संथ असणारी धरणं. त्यांवर दिसतो तो मासेमाराचा डोंगा नाहीतर फायबरची लहान नाव. जाळं टाकायचं, ते काढायचं आणि काठाला यायचं, एवढ्या कामात दिवसाचं अंतर मोजकंच होतं. म्हणून इथे आधी ठरवायचं ते दिवसाला किती युनिट वीज लागेल हे. मोटर, बॅटरी आणि चार्जर त्या उत्तरातून आपोआप ठरतात.

याचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. नावेचा वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळमानाने आठपट लागते. शिवाय पाणी कापत जाणाऱ्या नावेला तिच्या लांबीप्रमाणे वेगाची मर्यादा असते. पाच मीटरच्या नावेसाठी ती ताशी १० किलोमीटरच्या आसपास येते. त्यापुढे नाव स्वतःच उठवलेली लाट चढत राहते आणि वीज नुसती फेसात जाते. दोन माणसं आणि जाळी घेतलेल्या अशा नावेला ताशी ५ किलोमीटरसाठी अंदाजे २५० वॅट पुरतात, ताशी ८ साठी हजार वॅट लागतात. वीस किलोमीटरचा फेरा पहिल्या वेगाने चार तासांत एका युनिटमध्ये होतो. दुसऱ्या वेगाने दीड तास वाचतो, पण अडीच युनिट खर्च होतात. धडधाकट माणूस तासन्‌तास वल्हं मारत राहिला तर पाऊणशे ते शंभर वॅट देतो. म्हणजे ७४६ वॅटच्या एका एचपीचा तिसरा हिस्साही तीन वल्हेकऱ्यांच्या तोडीचा. पाच एचपीची मोटर या डोंग्यावर मिरवण्यापुरती.

इथे दुकानातल्या आकड्यांनी फसायला होतं. लहान ट्रोलिंग मोटरींवर ताकद पाउंड थ्रस्टमध्ये लिहिलेली असते. तो आकडा नाव जागच्या जागी बांधून मोजलेल्या ओढीचा. चालत्या नावेला किती वॅट मिळतील, हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे बॅटरीतून किती अँपिअर ओढले जातात ते विचारावं आणि व्होल्टने गुणावं. हजार वॅटला १२ व्होल्टवर ८० अँपिअरच्या वर लागतात, २४ वर त्याच्या निम्मे. वायरीत उष्णतेने जाणारी वीज अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणून डोंग्याला २४ व्होल्ट आणि पर्यटकांच्या मोठ्या नावेला ४८ व्होल्ट बरे.

बॅटरीचा मोह तर घरातच असतो. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी ओळखीची आणि स्वस्त. कागदावर ती १.८ युनिटची. पण तिला दीर्घायुषी ठेवायचं तर निम्मीच वापरायची, आणि तिचा आकडा सावकाश वीस तासांत रिकामी केली तर मिळणारा. मोटरने जोरात ओढली की तेवढंही हाती येत नाही. वर पन्नास-साठ किलो वजन आणि हिंदकळणारं ॲसिड! लिथियम फॉस्फेटची २४ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी साधारण अडीच युनिट देते, वजन ट्यूब्युलरच्या निम्म्याहून कमी, आणि हजारो वेळा चार्ज होते. पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणाऱ्या इथल्या उन्हात ती तापू द्यायची नाही. सावलीत ठेवावी, सावलीतच चार्ज करावी.

मोटर बाहेरून टांगायचीच घ्यावी. उन्हाळ्यात धरण आटतं तसे बुडालेले खुंट आणि खडक वर येतात, तेव्हा वर उचलता येणारा पंखा हवा. जाळ्याचा धागा आणि पाणवनस्पती गुंडाळली जातेच, म्हणून पंख्याला शिअर पिन, म्हणजे पंखा अडकला की स्वतः तुटून मोटर वाचवणारी खीळ, हवी, आणि ती हाताने बदलता यावी. ‘आयपी ६७’ चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. सतत बुडून राहणाऱ्या मोटरीला ते पुरत नाही. ई-रिक्षाची मोटर जुळवून बसवण्याची कल्पना इथेच गळते.

विजेच्या मोटरीवरचे आक्षेप खरे आहेत. वजनागणिक पेट्रोलमध्ये बॅटरीच्या शंभरपट ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, तरी लांबच्या पल्ल्याला ते सरस ठरतं. केरळची ‘आदित्य’ ही ७५ उतारूंची सौर फेरी २०१७ पासून वैकोम ते तवणक्कडवू चालते, ते अंतर ठरलेलं आणि अवघं अडीच-तीन किलोमीटर आहे म्हणून. पूर मात्र अंतर ठरवून येत नाही. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यात ४५ जण अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. तशा ओढीच्या पाण्यात उतरणाऱ्या बचावबोटीला इंजिनच हवं, डबाभर इंधन ओतून पुन्हा सुटणारं. याउलट निळोणा आणि चापडोह ही धरणं यवतमाळ शहराची तहान भागवतात. जुन्या धाटणीचं टू-स्ट्रोक इंजिन पाव हिस्सा इंधन न जळताच बाहेर टाकतं. तिथे फिरणाऱ्या नावेला विजेची मोटर महाग पडली तरी तीच रास्त. भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये इंजिनच्या बोटी थांबवल्या, त्याही पाण्यासाठीच.

राहिला चार्जिंगचा प्रश्न. धरणकाठी वीज बहुधा नसते. नावेवर छप्पर करून पॅनल लावला तर वारा धरतो आणि जाळं फेकायला आडवा येतो. त्यापेक्षा तो घराच्या पत्र्यावर बरा. तीनशे वॅटचा पॅनल उघाडीच्या दिवशी एक युनिटच्या वर देतो, म्हणजे डोंग्याच्या रोजच्या फेऱ्याइतकं. सहकारी संस्थेने दोन-तीन बॅटऱ्या आणि एक चार्जर सामाईक घेतला तर खर्चही वाटला जातो. त्यासाठी सगळ्यांच्या मोटरी एकाच व्होल्टच्या आणि जोडण्या एकसारख्या हव्यात, हे खरेदीआधीच ठरवावं लागेल. कंट्रोलर जळाला तर सुटा बदलता येतो की पूर्ण मोटर कंपनीकडे पाठवावी लागते, हेही दुकानदाराला पैसे मोजण्याआधी विचारून घ्यावं.