गाठ आणि तिचा काठ

पाठीवर, खांद्यावर किंवा पायाच्या पोटरीवर वाटाण्याएवढी टणक गाठ हाताला लागते. ती दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तिच्याकडे दुर्लक्ष होते. पुढे केव्हातरी कपड्याला अडते किंवा डोळ्यांना खटकते, तेव्हा ती काढली जाते. काढलेला तुकडा तपासणीस पाठवावा की नाही, हा प्रश्न त्या वेळी निघतो आणि 'साधी चरबीची गाठ आहे' या समजुतीवर कित्येकदा तो तुकडा टाकूनही दिला जातो. वस्तुतः गाठीचे खरे स्वरूप सांगणारा एकमेव विश्वसनीय साक्षीदार तोच असतो.

त्वचेला आणि तिच्याखालच्या मृदू ऊतकांना बळकटी देणारा कोलॅजन हा धागा ज्या पेशी निर्माण करतात, त्यांना तंतुपेशी म्हणतात. जखम भरून येते ती मुख्यतः यांच्याच श्रमाने. सूक्ष्मदर्शकाखाली त्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, सूत कातण्याच्या चातीसारख्या दिसतात. अडचण अशी की जखमेचा वण, निरुपद्रवी तंतुगाठ आणि चिवट कर्करोग या तिन्हींत दिसणाऱ्या पेशी वरवर पाहता याच घडणीच्या असतात. एकट्या पेशीचा चेहरा पाहून निवाडा करू जाणारा फसतो. पेशींची मांडणी कशी आहे आणि गाठीचा काठ शेजारच्या ऊतकाशी कसा वागतो, याकडे पाहणारा सहसा फसत नाही.

तुकड्यापासून काचपट्टीपर्यंत

काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. त्यामुळे पेशी कुजत नाहीत आणि आहेत त्या रचनेत स्थिर होतात. प्रयोगशाळेत अल्कोहोलने त्यातील पाणी काढून घेतात, मग वितळलेले मेण आत मुरवून त्याची लहानशी वडी बनवतात. या मेणवडीलाच 'ब्लॉक' म्हणतात. मायक्रोटोम या यंत्राच्या धारदार पात्याने तिचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतले जातात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या कापांच्या पातळपणाची कल्पना यावी.

असा काप जवळजवळ रंगहीन असतो. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांनी तो बोलका होतो. पहिला रंग मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून मिळतो. कापडरंगाईच्या व्यापारात एके काळी या लाकडाला मोठे मोल होते. त्याने पेशींची केंद्रके निळी होतात. दुसरा रंग गुलाबी असून त्याचे नाव ग्रीक भाषेतील उषेच्या नावावरून आले आहे. त्याने कोलॅजनचे धागे गुलाबी होतात. आज आधुनिक तपासण्या कितीही वाढल्या, तरी निदानाचा पाया या निळ्या-गुलाबी चित्रावरच उभा आहे.

दिसायला सारख्या, वागायला भिन्न

सर्वाधिक आढळणाऱ्या तंतुगाठींपैकी एक म्हणजे डर्माटोफायब्रोमा. ती बहुधा तरुण किंवा मध्यम वयात, विशेषतः स्त्रियांच्या पायांवर आढळते. रंगाने तपकिरी असते आणि दोन बोटांच्या चिमटीत धरली असता वर न येता आत खळीसारखी खचते. सूक्ष्मदर्शकाखाली ती अंतस्त्वचेत वसलेली दिसते. तिच्यावरील बाह्यत्वचा जाड झालेली असते. आत तंतुपेशींसोबत मेद गिळून फेसाळलेल्या पेशी आणि जुन्या रक्तस्रावाचे लोहकण आढळतात. सर्वांत बोलकी खूण मात्र काठाशी असते. तेथे गाठीच्या पेशी कोलॅजनच्या जाड, गोलसर जुड्यांना एकेक करून वेढून बसलेल्या दिसतात. ही गाठ सौम्य असून बहुतेक वेळा तिला काही करावेच लागत नाही.

तिची तोतया बहीण म्हणावी अशी दुसरी गाठ म्हणजे डर्माटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ डारिए आणि फेराँ यांनी १९२४ साली तिचे वर्णन केले. काढली तरी पुन्हा उगवणारी आणि वाढत जाणारी तंतुगाठ, असे तिचे स्वरूप त्यांनी ओळखले होते. पुढच्याच वर्षी जर्मन वैद्य एरिक हॉफमन यांनी तिला आजचे नाव दिले. उपदंशाचा जंतू १९०५ मध्ये शाउडिन यांच्यासह शोधून काढणारे हॉफमन ते हेच. ही गाठ बहुधा वीस ते पन्नास या वयात, धडावर किंवा खांद्याजवळ उद्भवते आणि इतकी सावकाश वाढते की रुग्णाला तिची सवय होऊन जाते.

सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी एकसारख्या, शांत, निरुपद्रवी भासतात. त्या एका बिंदूभोवती फिरत विणल्यासारख्या मांडलेल्या असतात. या मांडणीचे शास्त्रीय नाव चटईसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून पडले आहे आणि खरोखरच ते दृश्य विणलेल्या चटईसारखेच असते. डर्माटोफायब्रोमातही अशी वीण काही ठिकाणी दिसते, म्हणून केवळ तिच्यावरही विसंबता येत नाही. निर्णायक दृश्य खालच्या काठाशी, त्वचेखालच्या मेदस्तरात असते. सौम्य गाठ मेदापाशी पोचली तरी बहुधा जाडसर पट्टे किंवा बोथट कड घेऊन थांबते. ही गाठ थांबत नाही. तिच्या पेशी एकेका मेदपेशीच्या भोवतीने झिरपत जातात आणि मधाच्या पोळ्यासारखी जाळी उभी राहते. त्या जाळीचे धागे डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीच्या कितीतरी पलीकडे गेलेले असतात. नेमकी दिसणारी गाठ तेवढी काढली, तर हे धागे मागे राहतात आणि तिथूनच ती पुन्हा उगवते.

यावरून तुकडा किती खोल घ्यावा याचे महत्त्व ध्यानात येईल. वरवर खरवडून घेतलेल्या नमुन्यात मेदस्तर येतच नाही. ज्या काठावर निवाडा व्हायचा तोच काठ काचपट्टीवर नसेल, तर निष्णात तपासनीसही हतबल होतो.

भयंकर रूप, सौम्य स्वभाव

याच्या अगदी उलट उदाहरण नोड्युलर फॅसायटिस या गाठीचे आहे. ती पुष्कळदा हाताच्या पुढच्या भागात, त्वचेखाली उद्भवते आणि अवघ्या काही आठवड्यांत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत वाढते. वाढीचा हा वेग पाहून घरातील सर्वांचा धीर सुटतो. सूक्ष्मदर्शकाखालचे दृश्यही घाबरवणारेच असते. पेशींची गर्दी दिसते, विभाजन पावणाऱ्या पेशी जागोजागी आढळतात, मधूनमधून रक्तकण सांडलेले असतात. परंतु बारकाईने पाहता पेशींचे विभाजन जलद असूनही विकृत नसते आणि पेशी सैल, जणू काचेच्या भांड्यात वाढवल्यासारख्या विखुरलेल्या असतात. अमेरिकेतील कॉनवेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली या गाठीची स्वतंत्र ओळख पटवून दिली. तिला कर्करोग समजले, तर एरवी बहुधा आपोआप शमणाऱ्या गाठीसाठी रुग्णाचा हात विनाकारण मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरा जाऊ शकतो.

दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली की या शास्त्रातील जोखीम कळते. शांत चेहऱ्याच्या गाठीला साधी म्हटले तर रोग मागे राहतो, आणि उग्र चेहऱ्याच्या गाठीला घातक म्हटले तर निरोगी शरीराची हानी होते. दोन्हीकडच्या चुकीची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

कसोटीवरची दुसरी रेघ

सराफ सोन्याचा रंग पाहून अंदाज बांधतो, पण खात्रीसाठी कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो. विकृतिविज्ञानातही असे पुढचे टप्पे आहेत. विशिष्ट प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिद्रव्यांच्या साहाय्याने पेशींची जात पारखता येते. डर्माटोफायब्रोसार्कोमाच्या पेशी बहुतांशी सीडी-३४ या प्रथिनासाठी रंग धरतात, तर डर्माटोफायब्रोमाच्या बहुधा धरत नाहीत. मात्र ही खूणही एकटी पुरेशी नसते, कारण सीडी-३४ रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि इतर काही गाठींतही आढळते. काठाचे दृश्य आणि रंगाची साक्ष एकमेकींशी जुळली, तरच निदान पक्के होते.

याहून खोलवरची साक्ष जनुकांची. या गाठीत सतराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. तंतुपेशीत कोलॅजनचे जनुक सतत कार्यरत असते. त्याच्या शेजारी वाढीचा संदेश देणारे जनुक येऊन जोडले गेले की तेही अखंड चालू राहते आणि पेशी स्वतःच स्वतःला वाढण्याची आज्ञा देत राहते. हे जोडजनुक १९९७ साली उलगडले. त्या ज्ञानातूनच, शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या रुग्णांसाठी इमॅटिनिब या गोळ्यांचा उपयोग पुढे आला. २००६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नोड्युलर फॅसायटिसमध्येही २०११ साली असेच एक ठरावीक जोडजनुक सापडले, त्यामुळे संशयाच्या वेळी तिचे सौम्यपण सिद्ध करणे सोपे झाले.

दिलाशाची गोष्ट अशी की डर्माटोफायब्रोसार्कोमा शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो. शंभरात पाचांहूनही कमी रुग्णांत तसे घडते. भोवतालची दोन ते चार सेंटिमीटर निरोगी दिसणारी त्वचा आणि खालचे आवरण यांसह गाठ काढली, किंवा प्रत्येक थर काढताना त्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासत पुढे गेले, तर रुग्ण बहुधा बरा होतो. म्हणजे उपचारातही अखेर काठच निर्णायक ठरतो. अहवालात 'कडा मुक्त' असल्याची नोंद आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कुटुंबाचे कर्तव्य

या साऱ्या प्रक्रियेत रुग्णाच्या घरच्यांचाही वाटा असतो. काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही लहान असो, तपासणीस पाठवावी. तुकडा साध्या पाण्यात, मिठाच्या पाण्यात किंवा कोरड्या कापसात नेऊ नये. रुग्णालयातूनच रुंद तोंडाच्या डबीत, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये तो घ्यावा. डबीवर नाव आणि गाठीची जागा लिहिली आहे ना, हे पडताळावे. गाठ किती दिवसांची, कोणत्या वेगाने वाढली, तेथे पूर्वी मार लागला होता का, ती आधी काढून पुन्हा आली आहे का, ही माहिती तपासणीच्या अर्जावर अवश्य यावी. आठवड्यांत वाढलेली गाठ आणि दहा वर्षे रेंगाळलेली गाठ यांचा विचार तपासनीस एकाच मापाने करत नाही.

पाच सेंटिमीटरहून मोठी, खोलवर असलेली, वेगाने वाढणारी किंवा काढल्यावर पुन्हा उगवलेली गाठ घाईने काढून टाकू नये. आधी एमआरआयसारखी प्रतिमा आणि नमुन्याची तपासणी व्हावी, मग मोठी शस्त्रक्रिया.

संशय असेल तेथे दुसरे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अनादर नाही. मेणवडी वर्षानुवर्षे टिकते आणि तिचे नवे काप कोणत्याही मोठ्या केंद्रात पुन्हा तपासता येतात. मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली आणि भारतीय विकृतिविज्ञानाला प्रतिष्ठा मिळवून दिली. आजही अवघड नमुने दुसऱ्या मतासाठी अशा कर्करोग रुग्णालयांकडे पाठवले जातात. त्यासाठी केवळ कागदी अहवाल पुरत नाही. ब्लॉक आणि काचपट्ट्या सोबत लागतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर त्या कोठे ठेवल्या आहेत हे विचारून घ्यावे. घरातील दस्तऐवज ज्या काळजीने जपले जातात, त्याच काळजीने हा अहवाल तारखेसह जपावा. दहा वर्षांनी त्याच जागी पुन्हा गाठ आली, तर नव्या डॉक्टरांना सर्वांत आधी हवा असतो तो हाच कागद.